विरघळण्याचा हिशेब

[साखर पाण्यात विरघळते, तेल विरघळत नाही. शोरा टाकला की पाणी गार होते, कॉस्टिक सोडा टाकला की तापते. या रोजच्या गोष्टींच्या मागे रेणूंमधील ओढ आणि ऊर्जेची देवघेव असते. ती कशी, हे प्रस्तुत पाठात सोप्या भाषेत सांगितले आहे.]

मुलांनो, सुमारे सव्वाचारशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आग्र्याचा उन्हाळा मोठा कडक. दुपारी लू वाहू लागली की पाणीसुद्धा कोमट होऊन जाते. त्या काळी वीज नव्हती, बर्फाचे कारखानेही नव्हते. तरीही अकबर बादशहाला प्यायला थंडगार पाणी मिळत असे.

बादशहाच्या पिण्याच्या पाण्याची व्यवस्था पाहणारे एक वेगळे खाते होते. त्याला आबदारखाना म्हणत. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’ या ग्रंथात या खात्याची हकिकत दिली आहे. पाणी गार करण्याची रीतही त्याने लिहून ठेवली आहे. एक शेर पाणी चांदीच्या किंवा तशाच दुसऱ्या धातूच्या सुरईत भरत आणि तिचे तोंड बंद करीत. मग एका मोठ्या भांड्यात पाच शेर पाणी घेऊन त्यात अडीच शेर शोरा टाकीत. त्या मिश्रणात ती सुरई सुमारे पाव तास फिरवीत. एवढ्याने सुरईतले पाणी गार होई. पुढे इ. स. १५८६ च्या सुमारास दरबार पंजाबात गेला. तेव्हापासून उत्तरेकडच्या डोंगरांतून बर्फ येऊ लागला. त्याआधी मात्र शोरा हाच आधार होता.

शोरा म्हणजे काय, हे तुम्हांला ठाऊक असेल. तोफेच्या आणि बंदुकीच्या दारूत शोराच मुख्य असतो. जो पदार्थ तोफेत आग पेटवतो, तोच सुरईतले पाणी गार करतो! अबुल फजलने ही गोष्ट मुद्दाम नोंदवली आहे.

शोरा सुरईच्या बाहेर होता, आत नव्हता, हे लक्षात ठेवा. शोऱ्याचे पाणी पिण्याचे नव्हे. ते फक्त गार होत होते आणि सुरईतल्या पाण्याची उष्णता ओढून घेत होते. धातूतून उष्णता लवकर जाते, म्हणून सुरई धातूची.

येथे दोन प्रश्न उभे राहतात. शोरा विरघळताना पाण्यातली उष्णता गेली कोठे? आणि विरघळण्यासाठी जर उष्णता खर्च करावी लागते, तर शोरा आपणहून विरघळतो तरी का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर समजायला थोडा विचार करावा लागेल.

पेलाभर पाण्यात चमचाभर साखर टाकून ढवळा. साखर दिसेनाशी होते, पण नाहीशी होत नाही. पाण्याच्या प्रत्येक थेंबाला गोडी येते. साखरेचे कण सुटे सुटे होऊन पाण्यात सर्वत्र पसरलेले असतात. यालाच विरघळणे म्हणतात. जो पदार्थ विरघळतो ते द्राव्य. ज्यात विरघळतो तो द्रावक. आणि दोन्ही मिळून होते ते द्रावण. विज्ञानाच्या तासाला उर्दूत तुम्ही ज्याला महलूल म्हणता, तेच हे द्रावण.

आता पाण्याकडे जरा जवळून पाहू या. अठरा ग्रॅम पाण्यात सहावर तेवीस शून्ये लिहावीत एवढे रेणू असतात. प्रत्येक रेणूत ऑक्सिजनचा एक अणू आणि हायड्रोजनचे दोन अणू. हे तिन्ही एका सरळ रेषेत नसतात. रेणू मध्येच वाकलेला असतो. ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋण प्रभार असतो, तर हायड्रोजनच्या बाजूंना थोडा धन प्रभार. धन आणि ऋण यांची एकमेकांना ओढ असते. म्हणून एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनला धरून ठेवतो. या पकडीला हायड्रोजन बंध म्हणतात.

ही पकड किती बळकट असते? हायड्रोजन सल्फाइड नावाचा एक वायू आहे. त्याच्या रेणूची घडण पाण्यासारखीच, पण ऑक्सिजनच्या जागी गंधकाचा अणू. त्याचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा जड असतो. तरीही तो उणे ६० अंश सेल्सिअसलाच उकळतो. पाणी मात्र १०० अंशांपर्यंत दम धरते. हा फरक मुख्यतः हायड्रोजन बंधांमुळे पडतो.

पाण्याचे रेणू असे एकमेकांचे हात धरून असतात. साखरेचे रेणूही खड्यात एकमेकांना धरून असतात, आणि मिठाच्या खड्यातले कणही. मग एक दुसऱ्यात मिसळायचे तर काय काय घडावे लागेल? दुकानदाराच्या वहीप्रमाणे आपण जमाखर्च मांडू.

पहिली नोंद खर्चाची. द्राव्याचे कण एकमेकांना धरून बसलेले असतात. त्यांना सोडवायला ऊर्जा लागते.

दुसरी नोंदही खर्चाची. येणाऱ्या पाहुण्याला जागा करून द्यायची म्हणजे द्रावकाच्या रेणूंना आपापसांतले काही हात सोडावे लागतात. त्यालाही ऊर्जा लागते.

तिसरी नोंद जमेची. सुटलेले कण आणि द्रावकाचे रेणू आता एकमेकांना धरतात. नवी पकड बसली की ऊर्जा मोकळी होते.

जमा अधिक झाली तर उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते आणि द्रावण तापते. अशा क्रियेला उष्मादायी म्हणतात. खर्च अधिक झाला तर तूट येते. ती तूट कोण भरून काढणार? पाणीच. पाण्याचे रेणू सतत धावपळ करीत असतात. या धावपळीलाच आपण उष्णता म्हणून ओळखतो. तूट या धावपळीतून भागवली जाते. धावपळ मंदावते आणि पाणी गार होते. अशा क्रियेला उष्माग्राही म्हणतात.

मिठाचे उदाहरण घेऊ. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्यात सोडियमचे धन आयन आणि क्लोरिनचे ऋण आयन असतात. बुद्धिबळाच्या पटावर काळी-पांढरी घरे असावीत, तसे ते एकाआड एक बसलेले असतात. साडेअठ्ठावन्न ग्रॅम मिठातले सगळे आयन एकमेकांपासून अगदी दूर न्यायचे तर सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा लागते. एवढ्या ऊर्जेत अडीच लीटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत तापवता येईल. चिमूटभर मीठ तर आमटीत सहज विरघळते. मग एवढी ऊर्जा येते कोठून?

ती पाणीच देते. पाण्याचे रेणू आपली ऋण बाजू सोडियमकडे आणि धन बाजू क्लोरिनकडे वळवून प्रत्येक आयनाला चारी बाजूंनी वेढतात. जागा करून देण्याचा खर्च वजा जाता या वेढण्यातून सुमारे ७८३ किलोज्यूल ऊर्जा जमा होते. म्हणजे ७८७ रुपये खर्च, ७८३ रुपये जमा, आणि तूट केवळ चार रुपयांची. म्हणूनच मीठ विरघळताना पाणी किंचितच गार होते. शंभर भाग पाण्यात छत्तीस भाग मीठ घातले तरी तापमान अडीच अंशांच्या आसपासच उतरते.

शोऱ्याची वही वेगळी आहे. शोऱ्याचे रासायनिक नाव पोटॅशियम नायट्रेट. त्याचे आयन आकाराने मोठे असतात. पाण्याचे रेणू त्यांना तितके घट्ट वेढू शकत नाहीत. त्यामुळे जमा कमी पडते. १०१ ग्रॅम शोरा भरपूर पाण्यात विरघळला तर सुमारे ३५ किलोज्यूल एवढी तूट येते. शंभर भाग पाण्यात सोळा भाग शोरा घातला की तापमान सुमारे दहा अंश उतरते. नवसागर तर यापुढचा. उर्दूत ज्याला नौशादर म्हणतात तोच हा. त्याचे तीस भाग घातले तर तापमान सुमारे अठरा अंश खाली येते.

याच्या उलट कॉस्टिक सोडा. तो पाण्यात टाकला की जमा खर्चापेक्षा फार अधिक होते. चाळीस ग्रॅम सोडा विरघळताना सुमारे ४४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते आणि भांडे हाताला चटका देते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. उष्णता कोठे गेली? शोऱ्याचे आयन सोडवण्यात खर्च झाली. आता दुसरा प्रश्न. जो व्यवहार तोट्याचा, तो आपणहून का घडतो? चेंडू आपणहून चढावर जात नाही. मग शोरा तोटा सोसून का विरघळतो?

कारण वहीत आणखी एक नोंद आहे. ती ऊर्जेची नाही, विखुरण्याची आहे.

शाळेत सकाळी सगळी मुले रांगेत उभी असतात. कोणी कोठे उभे राहायचे ते ठरलेले असते. मधल्या सुट्टीची घंटा झाली की तीच मुले मैदानभर पसरतात. पसरा असा हुकूम त्यांना कोणी देत नाही. पण रांगेत उभे राहण्याची रीत एकच आणि मैदानात असण्याच्या रीती हजारो. सगळी मुले इकडेतिकडे धावत असताना ती चुकून पुन्हा सरळ रांगेत येतील, असे कधी घडत नाही.

कणांचेही तसेच आहे. खड्यात प्रत्येक आयनाची जागा ठरलेली असते. द्रावणात मात्र तो कोठेही असू शकतो. कणांना इच्छा नसते. पण धावपळ सतत चालू असते आणि विखुरलेल्या अवस्थेत राहण्याच्या रीती मोजता येणार नाहीत एवढ्या असतात. म्हणून निसर्गाचा कल विखुरण्याकडे असतो. शास्त्रज्ञ या विखुरण्याच्या मापाला एन्ट्रॉपी म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ क्लॉसियस याने १८६५ मध्ये हे नाव दिले.

म्हणून हिशेब नेहमी पूर्ण करायचा. ऊर्जेत थोडा तोटा असला, पण विखुरण्यात मोठा फायदा असला, तर पदार्थ विरघळतो. शोरा असाच विरघळतो.

आता तेलाची वही उघडू. पाण्यात तेल टाकून कितीही घुसळा, थोड्या वेळाने तेल वर तरंगतेच. पाणी तेलाला दूर ढकलते, असे पुष्कळांना वाटते. ते बरोबर नाही. पाण्याचे आणि तेलाचे रेणूही एकमेकांना थोडे ओढतात. पण तेलाचा रेणू म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या लांब साखळ्या. त्यांवर ठळक धन किंवा ऋण बाजू जवळजवळ नसते. त्यांची ओढ सौम्य असते. अशा सौम्य ओढींचा विचार डच शास्त्रज्ञ व्हॅन डर वाल्स याने १८७३ मध्ये मांडला. म्हणून त्यांना त्याचेच नाव मिळाले आहे.

तेलाचा रेणू पाण्यात शिरला की पाण्याच्या रेणूंना त्याला नीट धरता येत नाही. मग आपापसांतले बंध टिकवण्यासाठी ते त्याच्याभोवती विशिष्ट मांडणीत उभे राहतात. त्यांची मोकळीक कमी होते. म्हणजे तेल विखुरले जाऊ पाहते, पण त्यासाठी पाण्याला रांगेत उभे राहावे लागते. विखुरण्याच्या नोंदीतच एकूण तोटा येतो. म्हणून तेल पाण्यात विरघळत नाही.

साखरेचे रेणू मात्र मोठे असूनही पाण्यात सहज मिसळतात. साखरेच्या प्रत्येक रेणूवर ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या आठ जोड्या असतात. या जोड्या पाण्याशी हायड्रोजन बंध जोडतात. म्हणून २० अंश तापमानाला शंभर ग्रॅम पाण्यात जवळजवळ दोनशे ग्रॅम साखर विरघळते. सारखे सारख्यात विरघळते, असे रसायनशास्त्रात म्हणतात ते याच अर्थाने. ज्यांची ओढ एका जातीची, ते एकमेकांत मिसळतात.

स्वयंपाकघरातही याचा प्रत्यय येतो. हळदीचा पिवळा रंग पाण्यात फारसा उतरत नाही; गरम तेलाच्या फोडणीत तो लगेच उतरतो. कपड्यावर पडलेला हळदीचा डाग नुसत्या पाण्याने जात नाही तो यामुळेच. तेलकट डागावर मग आपण साबण लावतो. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरी लांब शेपटी तेलात शिरते. दोन अनोळखी माणसांची ओळख करून देणारा मध्यस्थ असावा, तसे हे काम आहे.

अत्तराची गोष्टही याच नियमावर उभी आहे. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे, की नूरजहान बेगमची आई गुलाबपाणी तयार करवीत होती. गरम गुलाबपाणी भांड्यांत ओतले तेव्हा त्यावर तेलकट साय जमलेली तिला दिसली. तिने ती थोडी थोडी करून गोळा केली. तेच गुलाबाचे अत्तर. गुलाबातले तेल पाण्यात विरघळले असते, तर साय आली नसती आणि अत्तरही हाती लागले नसते. मग गुलाबपाण्याला वास कसा येतो? गुलाबाच्या सुवासात अनेक घटक असतात. त्यांपैकी एका महत्त्वाच्या घटकाच्या रेणूवर ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची एक जोडी असते. तेवढ्या आधारावर तो पाण्यात थोडासा विरघळतो.

उत्तर प्रदेशातील कनौज या गावी आजही जुन्या पद्धतीने अत्तर काढतात. तांब्याच्या मोठ्या देगेत फुले आणि पाणी उकळतात. सुवासिक वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात जाते. भपक्यात चंदनाचे तेल असते. सुवासाचे तेल चंदनाच्या तेलात मिसळून जाते आणि पाणी खाली वेगळे राहते. हे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या सारख्याला सारख्यात विरघळवीत आले आहेत.

तापमानाचा या हिशेबावर काय परिणाम होतो? तापमान वाढले की विखुरण्याच्या नोंदीला अधिक वजन येते. शिवाय जो पदार्थ विरघळताना उष्णता घेतो, त्याला गरम पाण्यात ती सहज मिळते. म्हणून शोरा शंभर ग्रॅम पाण्यात शून्य अंशाला १३ ग्रॅम, २० अंशांना ३२ ग्रॅम आणि १०० अंशांना सुमारे २४६ ग्रॅम विरघळतो. मिठाची तूट अगदी लहान. त्यामुळे ते २० अंशांना ३६ ग्रॅम आणि १०० अंशांनाही ३९ ग्रॅमच विरघळते.

या फरकाचा कारागिरांनी मोठा उपयोग केला. बिहारमध्ये नोनिया समाजाचे लोक खारट मातीतून शोरा काढीत. त्यात मीठ मिसळलेले असे. कच्चा शोरा गरम पाण्यात विरघळवून द्रावण थंड होऊ दिले की शोऱ्याचे लांबट स्फटिक तळाशी जमतात आणि मीठ पाण्यातच राहते. असा स्वच्छ शोरा म्हणजे कलमी शोरा. उर्दूत स्फटिकाला कलम म्हणतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. सतराव्या आणि अठराव्या शतकांत डच आणि इंग्रज व्यापारी पाटण्याचा शोरा जहाजे भरून युरोपात नेत असत.

आता आबदारखान्यातले प्रमाण पुन्हा पाहा. पाच शेर पाण्याला अडीच शेर शोरा, म्हणजे शंभर भागांना पन्नास. एवढा सगळा शोरा विरघळतो का? पाणी गार होत जाते तसतसे त्यात कमी शोरा मावतो. पाणी २० अंशांवर आले की शंभर भागांत ३२ भागच राहू शकतात. उरलेला तळाशी बसतो. म्हणजे विरघळण्याने गारवा येतो आणि गारवाच विरघळणे थांबवतो. मात्र बाहेरून थोडी उष्णता आली की तळचा शोरा विरघळतो आणि ती शोषून घेतो. त्यामुळे गारवा अधिक वेळ टिकतो.

वायूंची तऱ्हा उलटी असते. वायूचे रेणू आधीच मोकळे असतात. पाण्यात विरघळताना त्यांची मोकळीक कमी होते आणि थोडी उष्णता बाहेर पडते. म्हणून पाणी तापले की विरघळलेला वायू निघून जातो. पाणी उकळण्याच्या आधीच पातेल्याच्या काठाला लहान लहान बुडबुडे दिसतात. ते विरघळलेल्या हवेचे असतात. हवेशी संपर्क असलेल्या एक लीटर गोड्या पाण्यात २० अंशांना सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच उरतो. मासे याच ऑक्सिजनवर जगतात. पाणी तापले की माशांची ऑक्सिजनची गरज वाढते आणि नेमका तेव्हाच तो कमी होतो. त्यात तळ्यात घाण साचली असेल तर ती कुजतानाही ऑक्सिजन खर्च होतो. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यात मासे मरून तरंगताना दिसतात, त्याचे हे एक कारण आहे.

आबदारखाना राहिला नाही, पण त्याची युक्ती जिवंत आहे. मैदानावर खेळाडूचा पाय मुरगळला की त्यावर एक थंड पिशवी ठेवतात. ती बर्फाची नसते. तिच्यात एका बाजूला अमोनियम नायट्रेट किंवा युरिया आणि आतल्या पातळ पिशवीत पाणी असते. पिशवी दाबली की आतली पिशवी फुटते, क्षार विरघळतो आणि मिनिटाभरात गारवा येतो. शेतकऱ्यांच्या मुलांना हे वेगळे सांगायला नको. फवारणीसाठी युरिया पाण्यात घोळला की बादली बाहेरून गार लागते. तीही हीच तूट.

परंतु जमेच्या बाजूचा विसर पडला तर हा हिशेब फार महाग पडतो. तीव्र सल्फ्यूरिक आम्ल पाण्यात मिसळताना प्रचंड उष्णता बाहेर पडते. आम्ल पाण्याहून सुमारे १.८ पट जड असते. आम्लावर पाणी ओतले तर ते वरच राहते, उष्णतेने क्षणात उकळते आणि आम्लाचे शिंतोडे तोंडावर, डोळ्यांत उडतात. अशाने डोळे जाऊ शकतात. म्हणून प्रयोगशाळेत आम्ल पाण्यात ओततात. हळूहळू, थोडे थोडे, ढवळत. भरपूर पाणी ती उष्णता वाटून घेते. कॉस्टिक सोड्यालाही हाच नियम. सोडा थोडा थोडा पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी ओतू नये. हे काम मोठ्यांनीच करावे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. प्रयोगशाळेच्या भिंतीवर लिहिलेला नियम नुसता पाठ करायचा नसतो. त्यामागे रेणूंचा हिशेब आहे आणि तो हिशेब कोणासाठी थांबत नाही.

तेव्हा मुलांनो, एखादा पदार्थ पाण्यात टाकाल तेव्हा चार प्रश्न मनाशी विचारा. त्याचे कण एकमेकांना किती घट्ट धरून आहेत? पाण्याला किती जागा करून द्यावी लागेल? पाण्याची आणि त्याची ओढ किती? आणि मिसळल्यावर मोकळीक वाढेल की कमी होईल? या चार उत्तरांवरून पदार्थ विरघळेल की नाही, याचा चांगला अंदाज येतो. भांडे गार लागेल की हाताला भाजेल, हे मात्र पहिल्या तीन उत्तरांवरच ठरते.

शब्दार्थ

आबदारखाना – पिण्याच्या पाण्याची व्यवस्था पाहणारे खाते
शेर – वजनाचे जुने माप
सुरई – उंच मानेचे पाण्याचे भांडे
तूट – खर्चापेक्षा जमा कमी असणे
मध्यस्थ – दोघांच्या मध्ये राहून काम जुळवणारा
प्रत्यय येणे – अनुभव येणे
तऱ्हा – रीत, प्रकार

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आबदारखान्याची माहिती कोणत्या ग्रंथात आहे?
(आ) द्रावण म्हणजे काय?
(इ) शोऱ्याचे रासायनिक नाव कोणते?
(ई) कनौज येथे भपक्यात काय ठेवलेले असते?

प्र. २. कारणे द्या.
(अ) मीठ विरघळताना पाणी किंचितच गार होते.
(आ) तेल पाण्यात विरघळत नाही.
(इ) उन्हाळ्यात तळ्यातील माशांना ऑक्सिजन कमी पडतो.
(ई) आम्लावर पाणी ओतू नये.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
शोरा विरघळताना ऊर्जेचा तोटा होतो, तरीही तो आपणहून विरघळतो. हे लेखकाने कोणत्या उदाहरणाने समजावून दिले आहे?

प्र. ४. हिशेब, अत्तर, सुरई, सरबत, कलम या शब्दांची उर्दूतील रूपे सांगा. प्रत्येक मराठी शब्दाचा वाक्यात उपयोग करा.

उपक्रम : दोन पेल्यांत सारखेच पाणी घ्या. एकात खडीसाखरेचा खडा आणि दुसऱ्यात तेवढ्याच वजनाची कुटलेली खडीसाखर टाका. कोणती आधी विरघळते ते पाहा. दोन्ही पेल्यांतील पाण्याची गोडी शेवटी सारखीच का असते, याचा विचार करून वर्गात सांगा.